ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचे मालक बदलतात तेव्हा

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर ज्यांचे पोट आहे, त्या रेकॉर्डिस्ट, संगीत संयोजक आणि हौशी संगीतकारांच्या गप्पांत एक विषय कधीच शिळा होत नाही: आता कोणती कंपनी कोण विकत घेणार? एखाद्या कंपनीने नोकरकपात केली, एखादी आवृत्ती लांबली, एखादा वरिष्ठ अधिकारी सोडून गेला, की अंदाजांना ऊत येतो. ॲपल घेईल, यामाहा घेईल, कोणीतरी गुंतवणूक कंपनी घेऊन मोडीत काढील, अशी भाकिते छातीठोकपणे केली जातात. त्यांतली बहुतेक खोटी ठरतात आणि खोटी ठरल्याची आठवण कोणी ठेवत नाही. अंदाज बांधूच नयेत असे मला म्हणायचे नाही. माझा आक्षेप आहे तो या चर्चेच्या रोखावर. खरेदीदाराचे नाव ओळखण्यात सगळी बुद्धी खर्ची पडते आणि ज्या दोन गोष्टींवर वापरकर्त्याचे पुढचे सारे अवलंबून असते त्यांची वासलात एका वाक्यात लागते. खरेदीदार हे सॉफ्टवेअर कशासाठी घेतो आहे, ही पहिली गोष्ट. आणि आपण केलेले काम उघडण्याचा अधिकार विक्रीनंतर कोणाच्या हातात राहणार आहे, ही दुसरी. पहिलीबद्दल निदान तर्क तरी नीट करता येतो. दुसरीबद्दल तर्काची गरजच नाही, कारण तिचे उत्तर विक्रीची बातमी येण्याआधी, आजच तपासता येते.

अंदाज बांधणाऱ्यांना वेड्यात काढणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांच्या भीतीला आधार आहे आणि तो आधार फार जुनाही नाही. हॅम्बुर्गजवळच्या एमॅजिक या जर्मन कंपनीचे ‘लॉजिक’ हे सॉफ्टवेअर मॅक आणि विंडोज या दोन्हींवर चालत असे. जुलै २००२ मध्ये ॲपलने एमॅजिक विकत घेतल्याचे जाहीर केले आणि त्याच पत्रकात सांगून टाकले की विंडोजवरची उत्पादने ३० सप्टेंबरपासून बंद होतील. एमॅजिकचे ६५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न मॅकच्या आवृत्त्यांतून येते, असा खुलासाही त्यात होता. म्हणजे उरलेले उत्पन्न, सुमारे एक तृतीयांश, ज्यांच्या खिशातून येत होते त्या गिऱ्हाइकांना तीन महिन्यांची मुदत देऊन वाऱ्यावर सोडण्यात आले. ज्याने संगणक, प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडायची छोटी पूरक सॉफ्टवेअर) आणि कित्येक वर्षांचा हातखंडा यांत पैसे आणि आयुष्य घातले होते, त्याने यापुढे प्रत्येक अफवेला कान टवकारले तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण इथेच थांबून विचारावे: २००१ साली कोणी ‘ॲपल एमॅजिक घेणार’ असे अचूक भाकीत केले असते, तर त्या नावातून विंडोजवाल्या वापरकर्त्याला काय कळले असते? नुसत्या नावातून काहीच नाही. ॲपलचा मूळ धंदा संगणक विकण्याचा आहे आणि त्या कंपनीच्या दृष्टीने सॉफ्टवेअर हे तो संगणक विकण्याचे निमित्त आहे, हे ज्याच्या ध्यानात आले असते त्याला मात्र पुढचे सगळे दिसले असते. इतकेच नव्हे, त्याच हेतूतून पुढे जे चांगले घडले तेही दिसले असते. २००४ मध्ये ९९९ डॉलरला विकले जाणारे लॉजिक २००७ मध्ये ४९९ डॉलरवर आले, त्यासोबत डोंगलची, म्हणजे संगणकाला जोडून ठेवाव्या लागणाऱ्या परवान्याच्या किल्लीची, कटकट गेली, आणि २०११ च्या अखेरीस ते १९९.९९ डॉलरला मिळू लागले. २०१३ च्या ‘लॉजिक प्रो एक्स’साठी जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा पैसे मोजावे लागले, पण त्यानंतरच्या मोठ्या सुधारणा त्यांना वेगळे पैसे न मोजता मिळत गेल्या. सॉफ्टवेअर विकूनच जिला पगार काढायचे आहेत अशा कंपनीला हा व्यवहार झेपला नसता. विंडोजवाल्यांचा घात आणि मॅकवाल्यांची चंगळ या दोन्हींचे मूळ एकच होते. ॲपल चांगली की वाईट, यावर गेली वीसेक वर्षे झडणारा वाद म्हणूनच मला निरर्थक वाटतो.

यामाहाचे उदाहरण याच अंगाने पाहण्याजोगे आहे. ‘क्यूबेस’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर बनवणारी स्टाइनबर्ग ही कंपनी २००३ च्या सुरुवातीला पिनॅकल सिस्टिम्स या व्हिडिओ संपादनातल्या कंपनीकडे गेली आणि जेमतेम दोन वर्षांत, २००५ च्या जानेवारीत, यामाहाच्या पदरात पडली. तिथून ती हललेली नाही. यामाहा पियानो विकते, मिक्सर विकते, वाद्ये विकते. तिला सॉफ्टवेअर हवे ते या सगळ्याला जोड म्हणून, आणि जोडधंद्याला तिमाहीच्या तिमाहीला नफा दाखवण्याची घाई नसते. या सबुरीचा पुरावा म्हणजे ‘डोरिको’. २०१२ मध्ये ॲविड कंपनीने आपल्या ‘सिबेलियस’ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचे लंडनचे कार्यालय बंद केले. तिथल्या अनुभवी मंडळींना स्टाइनबर्गने एकगठ्ठा नोकरीवर घेतले आणि कोरी पाटी देऊन कामाला बसवले. त्यांचे पहिले उत्पादन बाजारात यायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. जवळजवळ चार वर्षे एका अख्ख्या तुकडीचे पगार विक्रीविना भरण्याची तयारी किती मालक दाखवतात?

याच घटनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ॲविडने २००६ मध्ये सिबेलियस विकत घेतले तेव्हा तिच्या हाती नाव आले, प्रणाली आली, गिऱ्हाइकांची यादी आली. माणसे काही कायमची आली नाहीत. या क्षेत्रात हे वारंवार घडते. प्रीसोनस कंपनीचे ‘स्टुडिओ वन’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर ज्यांनी घडवले ते मूळचे स्टाइनबर्गचे अभियंते. ‘बिटविग’ हे तशाच धाटणीचे सॉफ्टवेअर उभे करणारे पूर्वी ॲबल्टन या स्पर्धक कंपनीत होते. आणि प्रीसोनस तरी कुठे स्वतंत्र राहिली? २०२१ मध्ये ती फेंडर या गिटारच्या कंपनीकडे गेली. कोणी कोणाला गिळले याचे तक्ते काढणाऱ्यांना वाटते तशी ही जंगलातली शिकार नाही. कसबी माणसे एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत येतात आणि मागे राहिलेल्या पाटीवर नवा मालक रंग देत बसतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत धारदार मुद्दा. काही नावेच अशी असतात की ती ऐकताच धोका ओळखावा, असे म्हणणारे लोक गिब्सनचे नाव घेतात, आणि त्यांचे म्हणणे वरवर बिनतोड आहे. या गिटार बनवणाऱ्या कंपनीने १९९८ मध्ये ओपकोड ही संगीताच्या सॉफ्टवेअरची कंपनी विकत घेतली. ही साधीसुधी कंपनी नव्हती. मिडी, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा याच्या सूचना, आणि प्रत्यक्ष आवाज एकाच पडद्यावर आणण्याची करामत तिच्या ‘स्टुडिओ व्हिजन’ने १९९० मध्येच केली होती. खरेदीनंतर वर्ष-दीड वर्षात तिचे काम थंडावले आणि नाव इतिहासजमा झाले. पुढे २०१३ मध्ये गिब्सनने रोलंड या वाद्यांच्या कंपनीकडून ‘सोनार’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर बनवणारी केकवॉक घेतली, तेव्हा ओपकोडची आठवण असलेल्या जुन्या जाणत्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचे खरे ठरले. १७ नोव्हेंबर २०१७ रोजी केकवॉकचे काम थांबवत असल्याचे गिब्सनने जाहीर केले. कहर म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी केकवॉकने ‘सोनार प्लॅटिनम’च्या गिऱ्हाइकांना आजीवन सुधारणांची योजना विकली होती. ते आजीवन दीड वर्षही पुरले नाही.

तेव्हा नाव पुरेसे होते, नाही का? मला तसे वाटत नाही. गिब्सन तेव्हा स्वतःला वाद्यांची कंपनी मानायचे सोडून घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचे साम्राज्य व्हायला निघाली होती. २०१४ मध्ये तिने फिलिप्सचा ऑडिओ आणि होम एंटरटेनमेंटचा धंदा १३५ दशलक्ष डॉलरना घेतला आणि त्या कर्जाच्या ओझ्याखाली मे २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत जाऊन पोचली. केकवॉक बंद करताना दिलेले कारणही हेच होते: फिलिप्सच्या नावाखालच्या ग्राहकोपयोगी वस्तूंवर लक्ष केंद्रित करायचे आहे. म्हणजे इशारा गिब्सन या नावात नव्हता, तो २०१४ च्या त्या व्यवहारात होता, आणि तो व्यवहार लपून झालेला नव्हता. संगीताच्या सॉफ्टवेअरचा मालक टीव्हीच्या शेजारी ठेवायचे स्पीकर विकण्यासाठी कर्ज काढतो आहे, हे वाचून त्या वेळी किती वापरकर्त्यांनी आपली जुनी कामे सुरक्षित करून ठेवली? आणि पुढे काय झाले तेही पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये केकवॉकची मालमत्ता सिंगापूरच्या बँडलॅबने घेतली, जिचे नाव भाकितांच्या यादीत शोधूनही सापडले नसते, आणि एप्रिलमध्ये तेच सॉफ्टवेअर चक्क फुकट वाटायला सुरुवात केली. बँडलॅबचा हेतू पुन्हा निराळा होता. तिला मोबाइलवर गाणी करणाऱ्या कोट्यवधी तरुणांचे व्यासपीठ उभारायचे होते आणि त्यासाठी एक वजनदार, नावाजलेले साधन हाताशी हवे होते. २०२३ मध्ये तिनेही सशुल्क आवृत्त्यांची घोषणा केलीच. त्यात विश्वासघात कसला? फुकटच्या गोष्टीमागे मालकाची एक निकड असते. निकड बदलली की फुकट संपते.

गुंतवणूक कंपन्यांचा प्रकार तिसरा, आणि त्याबद्दल सर्वांत जास्त आरडाओरडा होतो. संगीताची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा मोठा वाटा २०२१ मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने घेतला. आयझोटोप आणि प्लगइन अलायन्स या प्लगइनच्या कंपन्यांशी तिची मोट बांधली गेली, त्या मोटेला ‘साउंडवाइड’ असे नाव दिले गेले आणि वर्ष-सव्वा वर्षात ते पुसून पुन्हा जुनेच नाव लावले गेले. ‘प्रो टूल्स’ या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची मालक ॲविड नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या व्यवहारात एसटीजी या गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि शेअर बाजारातून बाहेर पडली. अशा मालकाला ठरावीक वर्षांनी आपला हिस्सा नफ्याने विकायचा असतो, आणि त्यासाठी दरमहा येणारे वर्गणीचे उत्पन्न हिशेबाच्या वहीत फार गोजिरे दिसते. यात खलनायक शोधायचे कारण नाही. तसा पैसा आला नसता तर काही कंपन्या कधीच बुडाल्या असत्या, हे मान्य करायला हवे. पण संगीताच्या धंद्याने याचे मोठ्या प्रमाणावरचे रूप आधी पाहिलेले आहे. टेरा फर्मा या कंपनीने २००७ मध्ये सुमारे ४.२ अब्ज पौंडांना ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी घेतली, तीही कर्जाच्या जोरावर. २०११ च्या सुरुवातीला कर्ज देणाऱ्या सिटीग्रुपने ती ताब्यात घेतली आणि पुढे तिचे तुकडे करून ती विकली गेली. टेरा फर्माला संगीत कळत नव्हते, असे तेव्हा कलाकार म्हणत. कळत असते तरी कर्जाचे हप्ते टळले नसते.

मग स्वतंत्र कंपनी धरावी आणि निर्धास्त व्हावे, हा सल्लाही मला पटत नाही. मार्च २०२३ मध्ये वेव्हजने प्लगइनची कायमस्वरूपी विक्री बंद करून फक्त वर्गणी ठेवण्याचे एका रात्रीत जाहीर केले. तेव्हा तिचा मालक बदललेला नव्हता. आपणच जन्माला घातलेल्या व्हीएसटी या प्लगइनच्या प्रमाणकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने देणे स्टाइनबर्गने २०१८ च्या ऑक्टोबरात थांबवले, तेही कोणत्या विक्रीमुळे नव्हे. स्वातंत्र्याला काही अर्थच नाही असे मी म्हणत नाही. संगणकावर गाणी वाजवणारे ‘विनॅम्प’ लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनी आपली कंपनी १९९९ मध्ये एओएलला विकली, २००४ मध्ये ते तिथून बाहेर पडले, आणि त्यानंतर त्यांनी ‘रीपर’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर काढले. एकदा विकण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाचे हे सॉफ्टवेअर आजही स्वस्त आहे, आटोपशीर आहे आणि छोट्याशा कंपनीच्या हाती आहे. पण रीपरवर माझा जो भरवसा आहे त्याचे कारण फ्रँकेल यांचा स्वभाव नाही. रीपरची प्रोजेक्ट फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहावी: ट्रॅकचे नाव, आवाजाची पातळी, कोणती ध्वनिफीत कितव्या सेकंदाला सुरू होते, सगळे अक्षरांत लिहिलेले दिसते. उद्या कंपनी राहिली नाही तरी एखादा जाणकार प्रोग्रामर ती वाचण्याची सोय करू शकेल. स्वभाव बदलतात, मालकांना म्हातारपण येते, वारसांना रस नसतो. उघड्या स्वरूपात लिहिलेली फाइल मात्र मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसते.

भाड्याचे घर विकले जाणार असे कळले की शहाणा भाडेकरू नवा मालक मराठी आहे की गुजराती, देवभोळा आहे की नास्तिक, याची चौकशी करत बसत नाही. तो कपाटातला करार काढून वाचतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो करार कोणता? एक, परवाना कायमचा आहे की मुदतीचा. दुसरे, नव्या संगणकावर ते सुरू करताना कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते का, आणि तो सर्व्हर बंद झाला तर काय. तिसरे, काम ज्या स्वरूपात साठते ते इतर कोणाला वाचता येते का. विकत घेण्याच्या अफवांवर तासन्‌तास बोलणाऱ्या किती जणांना आपल्या रोजच्या साधनाबद्दल या तिन्हींची उत्तरे देता येतील?

हा प्रश्न नवा आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. ध्वनिमुद्रणाच्या साधनांचे मालक पूर्वीही बदलत, बुडत, विकले जात. पण त्यामुळे मुद्रित झालेले गाणे बंद पडत नसे. ग्रामोफोन कंपनीचेच पाहा. ‘एचएमव्ही’च्या कुत्र्याची तबकडी घराघरांत नेणारी ही कंपनी ईएमआयच्या गोतावळ्यातली, १९८० च्या दशकात ती गोएंकांच्या उद्योगसमूहाकडे आली आणि पुढे सारेगामा झाली. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या संग्राहकाकडे बालगंधर्वांच्या पदांची ७८ फेऱ्यांची तबकडी असेल, तर ती वाजवताना त्याला यांपैकी कोणाची परवानगी लागत नाही. सुई, वेग आणि खाच यांचा मेळ सगळ्या धंद्यात एकसारखा झालेला होता. जानेवारी २००५ मध्ये क्वांटेजी ही अँपेक्सच्या टेप विभागातून निघालेली कंपनी अचानक बंद पडली तेव्हा जगभरच्या स्टुडिओंत घबराट उडाली, कोऱ्या टेपच्या किमती चढल्या; तरी आधी भरलेली एकही टेप त्या दिवशी मुकी झाली नाही.

सॉफ्टवेअरच्या जगातही याला एक लखलखीत दाखला आहे. १९८३ मध्ये रोलंड आणि सीक्वेन्शियल सर्किट्स यांची वाद्ये एकमेकींना तारेने जोडून दाखवण्यात आली आणि मिडी हे सामाईक प्रमाणक रूढ झाले. ते घडवण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा होता त्या डेव्ह स्मिथ यांची सीक्वेन्शियल चार वर्षांत यामाहाकडे गेली आणि बंदच झाली. नाव परत मिळायला २०१५ साल उजाडले, आणि २०२१ मध्ये ती कंपनी फोकसराइट या ध्वनियंत्रांच्या कंपनीकडे पुन्हा विकली गेली. इतक्या उलथापालथीत मिडीला काय झाले? काहीही नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस साठवलेली मिडी फाइल आज कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकावी, ती उघडते, कारण ती कोणा एकाची नाही. तेव्हाच्या एखाद्या सीक्वेन्सरची (सूर क्रमाने मांडणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्वतःच्या स्वरूपातली फाइल मात्र जपून ठेवलेल्या जुन्या संगणकाशिवाय कोणाला उघडून दाखवता येईल?

किंवा इतके मागेही जायला नको. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एखाद्या मराठी अल्बमचे सेशन आजच्या संगणकावर उघडून पाहावे. पडद्यावर ट्रॅकची नावे येतात, ‘पेटी’, ‘तबला’, ‘डग्गा’, ‘कोरस १’, ‘कोरस २’. आवाजाच्या लाटा जागच्या जागी दिसतात आणि मन क्षणभर सुखावते. मग सूचनांची चौकट उघडते आणि एकामागून एक न सापडलेल्या प्लगइनची नावे सांगू लागते. तानपुरा ज्या साधनातून वाजत होता ते साधन नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नाही, म्हणून त्या ट्रॅकवर फक्त मिडीच्या चौकोनी खुणा उरल्या आहेत. त्या कोणत्या सुरात, कोणत्या पोताने वाजत होत्या हे आता संयोजकाच्या आठवणीवर आहे. गायिकेचा आवाज कोरडा, कारण त्यावरचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमाव देणारा प्लगइन, ज्या कंपनीचा होता तिचे सक्रियतेचे (ॲक्टिव्हेशनचे) पान निघत नाही. गाणे तयार स्वरूपात ऐकायला मिळते हे खरे; पण त्याचे नवे मिश्रण करायचे, चित्रपटासाठी फक्त बासरी वेगळी काढायची, गायक हयात नसताना त्याचा मूळ आवाज जपायचा, म्हटले की हात टेकावे लागतात. मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे निदान कोठार असते आणि कोठार सांभाळणारा पगारी माणूस असतो. सांगली-कोल्हापूरकडच्या एका खोलीच्या स्टुडिओत झालेल्या भारुडाच्या किंवा जात्यावरच्या ओव्यांच्या मुद्रणाला ती सोय कोठून असणार? त्यांची मूळ प्रत बहुतेक वेळा रेकॉर्डिस्टच्या एका हार्ड डिस्कवर असते, आणि ती कोणाच्या तरी खाजगी स्वरूपात कुलूपबंद असते.

यावर एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. सामान्य वापरकर्त्याने या अटींबद्दल बोलून काय होणार, कंपन्या ऐकतात का? पुरावा असे सांगतो की नेमके मागितले तर ऐकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मेकम्युझिकने ‘फिनाले’ हे पस्तीस वर्षांचे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर बंद करत असल्याचे सांगितले, आणि वर्षभरानंतर ते नव्या संगणकावर सक्रिय करता येणार नाही असेही सांगितले. संगीतशिक्षक, संयोजक, स्वरलेखनिक खवळले. कंपनी कोणाच्या मालकीची आहे, ती कोणाला विकावी, यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवले: आम्ही आयुष्यभर लिहिलेल्या संहिता आम्हाला उघडता आल्या पाहिजेत. जवळजवळ लगेचच कंपनीने माघार घेतली आणि सक्रियतेची सोय अनिश्चित काळ चालू ठेवण्याचे मान्य केले. सॉफ्टवेअर वाचले नाही, काम वाचले. वेव्हजच्या वर्गणीवाल्या निर्णयाचेही असेच झाले. काही दिवसांतच कायमस्वरूपी परवाने परत आले. याउलट मालकाच्या नावावरून झालेल्या कोणत्या गदारोळाने एखादी विक्री थांबल्याचे मला आठवत नाही.

‘ऑडॅसिटी’चे प्रकरण या दोन्हींच्या मध्ये बसते. २०२१ च्या वसंतात म्यूझ ग्रुपने हे मुक्त सॉफ्टवेअर ताब्यात घेतले आणि जुलैमध्ये आलेल्या गोपनीयतेच्या धोरणावरून रान पेटले. हेरगिरीचे आरोप झाले, कंपनीला खुलासे करत मसुदा बदलावा लागला. आरोपांत अतिशयोक्ती होती असे माझे मत आहे. पण त्या गदारोळात एक गोष्ट सहज घडून गेली: नाराज प्रोग्रामरनी मूळ सोर्स कोड उचलून स्वतंत्र आवृत्त्या काढल्या आणि कोणालाही त्यांना अडवता आले नाही, कारण ऑडॅसिटीचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना विकत घेणाऱ्यालाही बांधून ठेवतो. त्या आवृत्त्या फार फोफावल्या नाहीत. फोफावायची गरजही नव्हती. बाहेरचा दरवाजा उघडा आहे एवढे दिसले की घरातला माणूस जपून वागतो. अर्थात प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त असावे हा आग्रह अवाजवी आहे. चांगले प्लगइन बनवायला गणित, कान आणि वर्षे लागतात, आणि त्यांचे पैसे मिळायलाच हवेत. मागणी त्याहून लहान आहे: प्रणाली तुमची, पण माझे काम बाहेर नेण्याची वाट मोकळी ठेवा. बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये ‘डॉप्रोजेक्ट’ हे खुले स्वरूप आणले ते याचसाठी, आणि पुढच्याच वर्षी क्यूबेसनेही ते स्वीकारले. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्या हे करू शकतात, तर इतरांना ते अवघड का जावे, हे त्यांना वापरकर्त्यांनी विचारायला हवे. यात सगळे प्लगइन सुटत नाहीत, ही मर्यादा आहेच.

म्हणून बाऊन्स मारून, म्हणजे काम साध्या ध्वनिफायलींत उतरवून, ठेवण्याला पर्याय नाही. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये, एकदा कोरडा आणि एकदा सगळ्या संस्कारांसह, मिडी वेगळी, लय, पट्टी आणि वापरलेल्या प्लगइनची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. हे करायला वेळ जातो, डिस्क भरते आणि त्याचे पैसे कोणी देत नाही, अशी रेकॉर्डिस्टची तक्रार असते आणि ती रास्त आहे. निर्मात्याला ठरलेल्या पैशांत तयार गाणे हवे असते. दहा वर्षांनी त्याच गाण्याचे नवे रूप निघेल तेव्हा तो दुसऱ्याच स्टुडिओत जाणार असतो. त्यामुळे हे काम रेकॉर्डिस्टच्या सद्‌भावनेवर न सोडता करारात लिहायला हवे: अंतिम मिश्रणाबरोबर सुटे ट्रॅक वेव्ह स्वरूपात दिले जातील, त्यासाठी इतक्या तासांचा मोबदला वेगळा मिळेल, आणि त्यांची एक प्रत गायकाकडेही राहील. मराठी निर्मात्यांचे व्यवहार पुष्कळदा तोंडी होतात, फार तर एका कागदावर. त्या कागदावर या दोन ओळी वाढवायला ॲविडची मालकी कोणाकडे आहे हे माहीत असण्याची गरज नाही.